आक्काचा बिल्ला

गुरुजी, मी विमानात बसले. तुम्हाला हे सर्वांत आधी सांगावं असं वाटलं. मुलाची नोकरी बंगळूरला, त्यानं तिकीट पाठवलं आणि पुण्याहून मी एकटी गेले. काउंटरवरच्या पोरीनं माझी बॅग काट्यावर ठेवली, यंत्रातून एक लांबलचक पांढरी पट्टी काढली, बॅगेच्या मुठीभोवती चिकटवली आणि तिचाच एक बोटभर तुकडा माझ्या तिकिटाच्या मागं डकवला. मी तो तुकडा बघत तिथंच उभी राहिले. मागचे लोक कुरकुरायला लागले. ती पोरगी म्हणाली, "मॅडम, काही प्रॉब्लेम आहे का?" काय सांगणार तिला? तो तुकडा म्हणजे आपलं अर्धुक होतं, गुरुजी. दोरी गेली, पुठ्ठा गेला, नंबरच्या जागी काळ्या रेघा आल्या, पण रीत तीच. अर्धं सामानाला, अर्धं माणसाला.

बंगळूरला उतरल्यावर मी ते अर्धुक हातात धरून सामानाच्या फिरत्या पट्ट्याजवळ उभी होते. वाटलं, बाहेर पडताना कुणीतरी मागेल, बॅगेवरच्या नंबराशी ताडून बघेल. दारात कुणीच नव्हतं. माणसं आपापल्या बॅगा ओढत चालली होती. कुणी कुणाचीही बॅग उचलून नेली असती तर विचारणारं कुणी नव्हतं. मुलगा म्हणाला, "आई, आता कोण तपासतंय?" मला एकदम रडू आलं. त्याला वाटलं, विमानाची भीती वाटली असेल. त्यानं मला गाडीत बसवलं, पाणी दिलं आणि परतीचं तिकीट रेल्वेचं काढू का म्हणून विचारलं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. चौथीत मी पहिली आले तेव्हा तुम्ही मला पेटीतून एक कागदी पिशवी बक्षीस दिली होती. आतून मेणचट, वर उडता निळा पक्षी. "विमानात वापरतात," एवढंच म्हणाला होता. मी त्यात पेन्सिली ठेवल्या, खोडरबर ठेवलं, ती छातीशी धरून गावभर मिरवले. परवा पुढच्या सीटच्या खिशात तशीच पिशवी दिसली आणि ती ओकारीसाठी असते हे वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. शेजारच्या बाईला वाटलं असेल, ही म्हातारी एकटीच का हसतेय. तुम्हाला माहीत होतं ना? नक्की माहीत होतं.

तुमची ती पेटी माझ्याकडे आहे. तुम्ही गेल्यावर काकूंनी, तुमच्या मंडळींनी, केजहून निरोप धाडला, "ह्या कागदांचं मी काय करू, तुझ्या गुरुजींचं खूळ तूच ने." मी जीपच्या टपावर टाकून ती आणली. आज पंचवीस वर्षं माझ्या कपाटाखाली आहे. वेळापत्रकं आहेत, पृथ्वीच्या गोळ्यावर लाल रेघा ओढलेले नकाशे आहेत, जेवणाच्या याद्या, पत्त्यांचा कॅट, विषुववृत्त ओलांडल्याचं कुणा अनोळखी साहेबाचं प्रमाणपत्र. तुम्ही जगभरच्या विमान कंपन्यांना इंग्रजीत पत्रं लिहायचात की मी एका खेड्यातला भूगोलाचा मास्तर आहे, मुलांना दाखवण्यासाठी काही पाठवा. आणि त्या पाठवायच्या! शिरूरहून पोस्टमन सायकलवरून यायचा, पाकिटावरचे शिक्के बघत बघत, आणि शाळेच्या ओट्यावर बसून ते फोडेपर्यंत हलायचा नाही. एका कंपनीनं उलट विचारलं होतं की तुमची तिकिटांची एजन्सी कुठल्या गावी आहे. तुम्ही ते पत्र वर्गात वाचून दाखवलंत आणि उत्तरही वाचून दाखवलंत: आमच्या गावी विमानतळ नाही, एस.टी. दिवसातून दोनदा येते, तीही पाऊस नसेल तर.

तुम्ही स्वतः कधीच विमानात बसला नाहीत. पण सांगायचात असं, की आत्ताच उतरून आलाय. सुरुवातीला विमानात माणसं नव्हतीच, टपाल होतं. माणूस बसलाच तर टपालाच्या पोत्यावर बसायचा. पुढं माणसं आली तेव्हा सामानाबरोबर त्यांनाही काट्यावर उभं करायचे. विलायतेला जायला कितीतरी दिवस लागायचे, वाटेत मुक्काम, वाटेत जेवण, काही विमानं तर राजस्थानातल्या तळ्यात बदकासारखी उतरायची. आणि चार दिशांची टपालाची विमानं नागपूरला मध्यरात्री एकत्र यायची, पोती बदलायची आणि पहाटेच्या आत परत फिरायची. हे तुम्ही वर्गात सांगत होता तेव्हा आक्का उठली होती. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, सातवीतली. आपल्या शाळेत पाचवी ते सातवी एकाच खोलीत बसायची, म्हणून मलाही ते ऐकू आलं. तिनं विचारलं, "आन् अंदारात पोतं चुकलं तर वो गुरुजी?" तुम्ही म्हणालात, "चुकत न्हाई. बिल्ला असतो."

बिल्ले तुम्ही वर्गात दाखवलेत ते त्या दिवशी. तुमचे मामा हैदराबादच्या विमानतळावर हमाल होते. निजामाच्या मुलखात तेव्हा विमान कंपनी होती, पुढं सरकारनं सगळ्या कंपन्या एकत्र केल्या आणि जुन्या नावाचं सगळं छापील सामान रद्दीत निघालं. मामांनी सामानाच्या कोऱ्या बिल्ल्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे घरी आणले. जाड पिवळसर पुठ्ठा, वरच्या टोकाला भोक, भोकातून ओवलेली दोरी, दोन पंख्यांच्या विमानाचं चित्र, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला उर्दू. मधोमध फाडायला बारीक छिद्रांची रेघ, आणि रेघेच्या वर आणि खाली एकच नंबर. खालचं फाडून प्रवाशाला द्यायचं. त्याला आम्ही अर्धुक म्हणायचो.

आमच्या गावात दसरा झाला की गाव रिकामं व्हायचं, अजूनही होतं. बैलगाड्या भरायच्या आणि टोळ्या ऊस तोडायला कारखान्यावर निघायच्या, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत. शाळेतली निम्मी पोरं जायची. त्यांतली काही परत यायचीच नाहीत. कुठं गेली ते कुणी विचारायचं नाही. पट काढायचा, नाव कापायचं, झालं. तुम्ही तसं केलं नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही शाळेच्या ओट्यावर बसायचात, कपाळाला भस्म, मांडीवर बिल्ल्यांचा गठ्ठा. प्रत्येक पोराच्या बोचक्याला एकेक बिल्ला बांधायचात. त्यावर पोचायचं ठिकाण म्हणून कारखाना नाही, आपली शाळा लिहायचात. "जिथं पोचवायचं तेच लिहितात पोरी, जिथून निघतंय ते न्हाई." अर्धुकावर आमचं नाव लिहून ते भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर टाचायचात, जो तो ज्या कारखान्यावर जाणार तिथं. परत आल्यावर बिल्ला आणि अर्धुक जुळवायचं, खळ लावून वहीत चिकटवायचं. आणि एक नियम तुम्ही दरवर्षी घोकून घ्यायचात. ज्याला येता येईना, कुणी येऊ देईना, त्यानं बिल्ला सोडायचा आणि गावाकडं येणाऱ्या कुणाच्याही हाती पाठवायचा. बाकी काही लिहायला नको, सांगायला नको. "नुसता बिल्ला आला, की मी आलो."

हे नुसतं बोलणं नव्हतं. आक्का सातवीत गेली त्याच्या आदल्या साली एका धनगराच्या दोन पोरींचे बिल्ले ट्रकच्या ड्रायव्हरनं आणून दिले होते. तुम्ही तीन एस.ट्या बदलून गेलात आणि पाचव्या दिवशी दोघींना घेऊन आलात. सगळा गाव एस.टी.च्या थांब्यावर गोळा झाला होता. आक्का तेव्हा माझा हात इतका दाबून उभी होती की बोटं पांढरी पडली.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला मला दोन कप चहा लागला.

आक्काच्या सातवीच्या वर्षी आमच्या दोघींच्या बोचक्यांना बिल्ले बांधलेत तुम्ही. नंबर लागोपाठचे. तिकडे कारखान्याच्या फडाजवळ, म्हणजे तोडणीच्या उसाच्या रानाजवळ, आमची कोपी होती, उसाच्या पाचटाची, वाकून आत जायचं. आक्का आई-आबांच्या मागं मोळ्या बांधायची, मी बैलांकडे बघायची. एके दुपारी मी बोचकं गव्हाणीच्या काठावर ठेवलं आणि बाकीच्या पोरींबरोबर खेळायला गेले. परत येते तर आमच्या ढवळ्या बैलानं वाढ्याबरोबर, उसाच्या हिरव्या शेंड्यांबरोबर, माझा बिल्लाही ओढून घेतलेला. दोरीचं टोक तेवढं ओठातून लोंबत होतं. मी ओढलं, तर ओली दोरी हातात आली. आक्का पोट धरून हसली. "लई मोठ्या विमानात बसला गं तुझा बिल्ला." मी रडत होते. तुम्ही मारायचा नाहीत, हेच वाईट होतं. एकदा मी तुमच्या वेळापत्रकाचं पान फाडून चिंच बांधली होती, तेव्हा तुम्ही फक्त चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "तुज्यावर इस्वास टाकला व्हता मी." त्यानंतर आठवडाभर मला नीट जेवण गेलं नव्हतं.

शिमग्याच्या सुमाराला ठरलं की शेजारची एक म्हातारी गावाकडं निघालीये, तिच्याबरोबर मला वार्षिक परीक्षेला पाठवायचं. आक्काला नाही. आक्काचं लग्न ठरलं होतं. पलीकडच्या टोळीतला मुलगा, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि त्याला जोडीदारीण हवी होती. ती तेरा वर्षांची होती, गुरुजी. अजून तीन आठवडे होते लग्नाला, सगळ्यांचा फड संपला की तिथंच उरकायचं होतं. मी निघाले त्या सकाळी आक्का मला ट्रकपर्यंत सोडायला आली. आजूबाजूला बघून तिनं पदराखालून बिल्ला काढला. तिचा. दोरी नीट गुंडाळलेली.

"ह्यो गुरुजीच्या हातात दे. दुसऱ्या कुणाच्या न्हाई."

"काय सांगू?"

"काय बी नको सांगू. त्यान्ला समजतंय."

ट्रक सुटला. ती बराच वेळ उभी होती. मी तो बिल्ला तुम्ही दिलेल्या त्या कागदी पिशवीत ठेवला, पेन्सिलींच्या बाजूला.

मी काही वेडी नव्हते. अकरा वर्षांची होते, नियम पाठ होता. पण वाटभर माझ्या डोक्यात एकच होतं, की माझा बिल्ला बैलानं खाल्ला हे तुम्हाला कसं सांगू. दोन दिवसांच्या वाटेत मी शंभर वेळा मनात बोलून बघितलं. शाळेत पोचले तेव्हा आणखी सात-आठ पोरं आली होती, गर्दी होती, तुम्ही ओट्यावर बसून एकेकाचा बिल्ला घेत होता. माझी पाळी आली. "आलीस? शाब्बास," म्हणालात आणि हात पुढं केलात. मी आक्काचा बिल्ला तुमच्या हातावर ठेवला. असा ठेवला, जसा माझाच आहे. तुम्ही नंबर न बघता तो बाकीच्यांत टाकलात आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवलात.

संध्याकाळी तुम्ही घरी आलात. आजी चुलीपुढं भाकरी थापत होती. तुमच्या हातात अर्धुक होतं. "पोरी, हे तुझं उरलंय. आन् जुळलंय ते आक्काचं. हे कसं झालं?" तेव्हा तरी सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं मी, शपथ. आणि त्या तोंडातून निघालं, "गुरुजी, तुमीच बदलून बांधलं व्हतं."

तुम्ही अर्धुकाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. माझ्यावर शंका घ्यावी असं तुमच्या मनातसुद्धा आलं नाही, ते मला दिसत होतं. चष्मा काढलात, पुसलात. "आसंल. चुकलं माझं." मग विचारलंत, "आक्का कुठं हाय?" मी म्हणाले, आईसंगं येणार हाय, पट्टा पडल्यावर. आई येणार होती हे खरं, आक्का येणार हे खोटं. आजीनं तुम्हाला चहा दिला. तुम्ही तो बशीत ओतून प्यालात आणि उठून गेलात. एस.टी.च्या थांब्याकडं नाही, खोलीकडं.

तीन आठवडे मी रोज शाळेत येत होते. रोज तुम्ही समोर होता. नकाशावर आमच्या कारखान्याच्या जागी फक्त माझंच अर्धुक टाचलेलं, टाचणीवर हलायचं. मला वाटायचं, आज सांगू. परीक्षा झाली की सांगू. मग पाडवा गेला आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही. आई-आबा आले, आक्का आली नाही. तुम्ही घरी आलात तेव्हा आई हसून म्हणाली, "उजवली गुरुजी पोरीला. चांगलं स्थळ भेटलं." तुम्ही बाजेवर बसलात. "मला कुणी सांगितलं न्हाई वो." आई म्हणाली, "तुमास्नी काय सांगायचं? पोरीची जात." मी दाराआड उभी होते. तुम्ही चहा न पिता गेलात. तुम्ही चहा टाकून गेलेले मी तेवढंच एकदा बघितलं.

पुढच्या दसऱ्याला ओट्यावर गठ्ठा आला नाही. पोरांनी विचारलं तर म्हणालात, "डोळे साथ देईनात आता. चुकीचं बांधलं जातंय." आणि मला तुम्ही जाऊच दिलं नाहीत. आबांच्या पाया पडायला निघाला होता, म्हणे, "हिला माझ्याकडं ठेवा." केजला तुमच्या भावाच्या दुकानावरच्या खोलीत काकूंच्या हाताखाली मी वाढले, शिकले, मास्तरीण झाले. तुमच्या घरी येणारा प्रत्येकजण नमस्काराऐवजी "शरणार्थ" म्हणायचा, मीही म्हणायला शिकले. काकू मला सांगायच्या, "मोठी हातची गेली म्हणून तुझ्यामागं लागलेत ते." मी मान खाली घालून वरण ढवळत राहायची. आक्काच्या वाटचं सगळं मला मिळालं, गुरुजी. तिचा बिल्ला वापरूनच मिळालं.

तुम्ही गेलात तेव्हा आक्काला निरोप पाठवला होता. ती आली नाही. मला वाटलं, फडातून सुटका झाली नसेल. पेटी उघडली तेव्हा तळाशी एका विमान कंपनीच्या पाकिटात माझं अर्धुक सापडलं. पाकिटावर तुमचं अक्षर: "बिल्ले बांधताना माझ्याकडून अदलाबदल झाली. मोठीची चौकशी करायला हवी होती, केली नाही. दोष माझा." मी ते पाकीट परत होतं तिथं ठेवलं, वर वेळापत्रकं रचली आणि पेटी कपाटाखाली सरकवली. दुसरं काय करणार होते? कुणाकडं जाऊन सांगणार होते?

आक्का आता चोपन्न वर्षांची आहे, दिसते सत्तरीची. चाळीस वर्षं उसात वाकून वाकून कंबर सरळच होत नाही. गर्भाची पिशवी काढून टाकली तेव्हा तिशीसुद्धा उलटली नव्हती, दवाखान्यातून आली आणि महिनाभरात परत फडात उभी. तरी जीभ तीच. दरवर्षी निघायच्या आधी दोन दिवस माझ्याकडं येते, माझ्या साड्यांना नावं ठेवते, माझ्या पातळ वरणाला नावं ठेवते आणि पोटभर जेवते.

ह्या वर्षी ती आली ती नातीला घेऊन. लेकीची लेक, अकरा वर्षांची, सहावीत. लेक-जावई उसाला निघालेत, घरी कुणी नाही म्हणून पोरगीही चालली. मी नुकतीच बंगळूरहून आले होते आणि नवी पट्टी आणि जुना बिल्ला शेजारी ठेवून बघावं म्हणून पेटी काढून बसले होते. आक्कानं दारातूनच ओळखलं. खाली बसली, एक बिल्ला उचलला, भोकावरून अंगठा फिरवला. नातीनं विचारलं, हे काय हाय. आणि आक्कानं तिला सगळं सांगितलं, गुरुजी. एक नियम विसरली नव्हती. नागपूरची टपालाची विमानं, पोती, नंबर, अर्धुक, नकाशा. पोचायचं ठिकाण कुठलं लिहायचं ते. येता येईना तर बिल्ला सोडून पाठवायचा ते. चाळीस वर्षांत तिला सही करायलाही जड जायला लागलंय, पण हे तिला तोंडपाठ होतं.

नात म्हणाली, "आन् मग गुरुजी येत्येत?"

आक्का म्हणाली, "येत्येत. समद्यांसाठी न्हाई येत."

मी उठून पाणी आणायला गेले. पाणी घेऊन आले तरी तिचं बोलणं चालूच होतं. "म्या एकवीस दिस वाट बघितली. एस.टी.चा आवाज आला की फडातून उभी ऱ्हायची. हळद लागली तरी वाटायचं, आता येत्याल." हसत होती सांगताना. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लई बोलायचा तुजा गुरुजी. मेला तवा म्हनूनच न्हाई आले मी."

मग तिनं माझ्यापुढं एक बिल्ला धरला. "हिला बांध एक. तुज्या हातानं. पर त्यांच्यावानी करू नको. ह्यो आला तर ये."

मी नातीच्या पिशवीला बिल्ला बांधला. पोचायचं ठिकाण म्हणून माझ्या घराचा पत्ता लिहिला. गाठ बसेना. दोनदा सुटली. पोरीचं लग्न तिची माय कधी ठरवेल, कुठं ठरवेल, मला काय ठाऊक? फडात कोण विचारणार? माझे गुडघे तीन एस.ट्या बदलायच्या लायकीचे राहिलेत का? तरी म्हणाले, "येईन." आक्का माझ्या हातांकडे बघत होती. मग सहज, अगदी भाजीत मीठ घातलंस का विचारावं तसं तिनं विचारलं, "तवा तू दिलतास ना गं त्यांच्या हातात? वाटंत हरवला तर नसंल?"

बघा गुरुजी, तिनंच मला वाट करून दिली. सगळं खरं सांगायचीही गरज नव्हती. "हरवला" एवढं म्हणाले असते तरी चाळीस वर्षांचा तिचा राग तुमच्यावरून उतरला असता. एका लहान पोरीकडून एक बिल्ला हरवला, कोण काय म्हणणार? ती मला दोन शिव्या घालून मोकळी झाली असती. आणि उद्या तुमच्या फोटोला हार घातलाही असता, तिचा काही नेम नाही.

मी म्हणाले, "दिलता."

ती म्हणाली, "मला ठाव हाय. तू कशाला हरवतीस." आणि नातीला घेऊन गेली.

हे पत्र मी खरं तर तिला लिहायला घेतलं होतं. पहिल्या ओळीत "आक्का" लिहिलं, कागद फाडला आणि दुसऱ्यावर "गुरुजी" लिहिलं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही "चुकलं माझं" म्हणून मोकळे होता. आता हे पाकिटाशेजारी ठेवीन, पेटीत, वेळापत्रकांच्या खाली. एवढं लिहीपर्यंत दुपार कलली आणि मघाशी आक्काचा फोन आला. मागं ट्रकचा आवाज होता, पोरं ओरडत होती. "पोचलो बघ. पोरीचा बिल्ला हाय पिशवीला, सारखी हात लावून बघतीया." मग "आणिक काय?" म्हणाली.

मी म्हणाले, "काय न्हाई. जप जिवाला." आणि तिनं फोन ठेवेपर्यंत मागचा ट्रकचा आवाज ऐकत राहिले.